काकवीचं रक्त

मधू गेल्याची बातमी आबांनीच आणली. श्रावणातला रविवार होता. मी खिडकीशी बसून वाल सोलत होते. दूध आणायला खाली गेलेले आबा, म्हणजे माझे वडील, पिशवी तशीच हातात धरून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मधू गेलो गो." मी मान वर न करता विचारलं, "कोण मधू?" कोण मधू ते मला पक्कं ठाऊक होतं. पण दोन वर्षं आमच्या घरात ते नाव काढायचं नाही असा माझा नियम होता, आणि नियम मोडायला माणूस मेलं एवढं कारण मला त्या घटकेला पुरेसं वाटलं नाही. आबांनी दूध ओट्यावर ठेवलं, खुंटीवरचा पंचा खांद्यावर टाकला आणि ते गेले. दुपारी परत आले ते ओल्या अंगानं. खांदा देऊन आले होते. ज्यानं तुमची वसाहतभर चेष्टा मांडली त्याला खांदा कसला देता, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं... पण त्यांचा चेहरा पाहून मी पाणी तापवायला ठेवलं.

मधुकर धुरी हे नाव वाचकांना कदाचित आठवणार नाही. पण 'विहीर झाकून ठेवा' म्हटलं की भांडुपपासून बोरिवलीपर्यंतचं कुठलंही पोर हातात तांब्या धरल्याचा आविर्भाव करून, डोळे बारीक करून म्हणेल, "पाणी गोड आहे हो, बाईसाहेब!" तो हा मधू. या पुरवणीच्या संपादकांनी मला निरोप पाठवला तेव्हा सांगितलं, की तुम्ही त्याच्या बहिणीसारख्या होतात, चार हलक्याफुलक्या आठवणी लिहा, लोकांना त्याचा विनोद आवडायचा. लोकांना आवडायचाच. मलाही आवडायचा. तीच तर सगळी गोची आहे.

मधूचे वडील आणि आबा एकाच गिरणीत. आबा जॉबर, म्हणजे सबंध खात्यावर ज्याचा शब्द चालतो असा माणूस. मधूचे वडील त्यांच्या हाताखाली. लालबागच्या चाळीतही दारं समोरासमोर आणि पुढे घाटकोपरच्या वसाहतीत आलो तेव्हाही इमारती शेजारीशेजारी. मधूचे वडील लवकर गेले. मला सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेला मी आईच्या सांगण्यावरून चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. एका वर्षी आभाळ भरून आलं होतं, चंद्राचा पत्ता नव्हता आणि मी तबक घेऊन गॅलरीत ताटकळत उभी. खालून मधूनं विचारलं, काय गं, काय शोधतेस? मी म्हटलं, भाऊ. तर तो जिना चढून वर आला आणि पाटावर फतकल मारून बसला. म्हणाला, चंद्र येईपर्यंत मी बदली कामगार. त्यानंतर चंद्राची पाळी आली नाही. माझ्याहून तो वर्षा-दीडवर्षानंच मोठा, त्यामुळे 'दादा' वगैरे कधी म्हटलं नाही. मधू आणि सुनी, अरे आणि कारे.

आबांचा जीव होता त्याच्यावर, पण त्यांनी त्याला गिरणीत चिकटवायचं ठरवलं होतं आणि हा नाटकाच्या तालमीला पळाला. आबांना ते फार लागलं. भर गॅलरीत, चार माणसांदेखत ते म्हणाले, तोंडाला रंग फासून पोट भरणाऱ्याला मी माणसात मोजत नाही. मधू हसला. तो कशालाही हसायचा. जेवायच्या वेळी मात्र बरोब्बर आमच्याकडे हजर. आई ताट वाढायची, आबा त्याच्याकडे न बघता जेवायचे, आणि मधू आबांनाच विचारायचा, आबा, माणसात नाही तर नाही, पण पंगतीत मोजता ना?

मग संप आला. गिरण्या बंद पडल्या आणि उघडायचं नाव घेईनात. मुलुंडच्या एका औषधाच्या कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते. घर माझ्या पगारावर आलं. मी त्याचं कधी बोलून दाखवलं नाही, पण आबा ताटावर बसले की भाकरी मोजून घ्यायला लागले. दुसरी वाढली तर हात आडवा धरायचे. आईनं ते पाहिलं, मी पाहिलं... पावसाळा संपता संपता एक दिवस आबा घरी आले आणि म्हणाले, साकीनाक्याला एका वर्कशॉपात काम मिळालंय, रोज नाही, बोलावतील तेव्हा जायचं. आईनं देवापुढे साखर ठेवली. आबा पुन्हा पोटभर जेवायला लागले. तेवढ्यावरून मला कळलं, की बापाची भूक पोटात नसते.

साकीनाक्याहून येताना त्यांच्या शर्टावर तांबूस डाग असायचे. गंजाचे, असं ते सांगायचे. आई घासघासून धुवायची. पण गंमत अशी, की धुऊन गॅलरीत वाळत घातलेल्या त्या शर्टाला मुंग्या लागायच्या. दोरीवरून रांग लावून यायच्या. एकदा मधू जेवायला बसला असताना आईनं त्यालाच विचारलं, "काय रे मधू, गंजाला मुंग्या लागतात?" मधू तोंडातला घास न थांबवता म्हणाला, "मावशी, साकीनाक्याचं लोखंडच गोड असतं." आम्ही सगळे हसलो. आबा ताटावरून उठले, हात धुवायला गेले.

त्याच दिवसांत मधूचा तो सिनेमा झाला. माळावर बंगला, बंगल्यात विहीर, येईल त्या पाहुण्याला मधू तांब्याभर पाणी देणार आणि पाहुणा मरणार. तीन तासांत अर्धा डझन तरी माणसं मरतात, का मरतात ते शेवटपर्यंत कळत नाही. थिएटरात आठवडाभर टिकला असेल नसेल. पण आमच्या वसाहतीच्या मंडळानं गणपतीत दाखवायला म्हणून कुठूनशी ती रिळं आणली. रस्त्यावर आडवा पडदा बांधला, पुढे पुरुष, पडद्यामागे बायका; आम्हाला सगळं उलटं दिसायचं, मधू डाव्या हातानं तांब्या द्यायचा. सिनेमा इतका वाईट, की लोक हसायला लागले. तिसरा पाहुणा आला तेव्हा मधूच्या आधीच शंभर तोंडांतून वाक्य आलं, पाणी गोड आहे हो. पुढच्या वर्षी लोक घरून तांबे घेऊन आले आणि त्या वाक्याला सगळ्यांनी मिळून उचलले. मग भांडुपच्या मंडळानं मागितला, मग चेंबूरच्या, मग व्हिडिओ लायब्रऱ्यांत कॅसेट आली. पडलेल्या सिनेमानं मधूला जे दिलं ते चाललेल्या सिनेमांनी भल्याभल्यांना दिलं नसेल. दहीहंडीला बोलावणं, शाळेच्या गॅदरिंगला बोलावणं. पानवाला त्याच्याकडून पानाचे पैसे घ्यायचा नाही, फक्त एकदा वाक्य म्हणून घ्यायचा.

पुस्तक लिही म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते. आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मधू रोज संध्याकाळी येऊन बसायचा आणि शूटिंगचे किस्से सांगायचा, आमच्या सुतकी घरात तेवढंच हसू. मी म्हटलं, अरे, हवेत का उडवतोस, कागदावर उतरव. त्यानं उतरवलं. 'पाणी गोड आहे' याच नावानं ते दिवाळीत आलं आणि भाऊबीजेला ओवाळणी म्हणून त्यानं पहिली प्रत माझ्या तबकात ठेवली. म्हणाला, साडीपेक्षा टिकेल.

त्या दुपारी मी ते हातात घेतलं आणि दिवेलागणीपर्यंत खाली ठेवलं नाही. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं मजेत मी दुसरं पुस्तक वाचलेलं नाही. पडद्यावर पहिल्यांदा त्याचा फक्त हात दिसला होता, दार उघडणारा. तो हात बघायला तो आपल्या आईला घेऊन गेला आणि ती अंधारात रडत म्हणाली, किती वाळलास रे! भुताच्या बाईचं काम करणारी नटी दोराला लटकायला तयार होईना, तर विरारहून एक पैलवान आणला, त्याला पांढरं लुगडं नेसवलं आणि त्यानं अट घातली, की पायावरचे केस काढायचे तर माझ्या गावचा न्हावीच पाहिजे. जुहूला बुडून मरायचा शॉट होता. मधू पाण्यात हातपाय मारायला लागला की भेळवाले टोपली टाकून धावत यायचे आणि त्याला ओढून बाहेर काढायचे. प्रत्येक टेकला. शेवटी त्याला न बुडताच मारलं. मी एकटीच खोलीत मोठमोठ्यानं हसत होते. आबांनी बाहेरून विचारलं देखील, काय झालं. मी म्हटलं, मधूचं पुस्तक आबा, काय लिहिलंय मेल्यानं! ते काही बोलले नाहीत. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग ते पान आलं. अंधेरीच्या स्टुडिओत प्लायवूडची विहीर उभी केली होती आणि काठावर एक मुडदा पडलेला हवा होता. मुडद्याच्या अंगावर रक्त, आणि रक्त म्हणजे काकवीत कालवलेला लाल रंग. दिवे तापले, काकवी पातळ झाली आणि मुंग्या आल्या. आधीचे मुडदे, मधूनं लिहिलं होतं, दुसऱ्या मुंगीलाच जिवंत व्हायचे. पण एक गृहस्थ आले ते हलेचनात. मुंग्या कानात चालल्यात, मानेवर चालल्यात, गडी ढिम्म. टेकवर टेक. शेवटी दिग्दर्शकच घाबरला, खरंच गेला की काय. तोंडावर पाणी मारलं, तर डोळे मिटलेलेच ठेवून मुडदा विचारतो, "शॉट ओके झाला का?" इथे माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं हसून हसून. पुढे होतं, की हे गृहस्थ घरी मात्र साकीनाक्याच्या वर्कशॉपात. शर्टावरचा डाग म्हणजे गंज. आणि त्या गंजाला मुंग्या लागल्या तेव्हा घरच्या लक्ष्मीनं काय तर्क केला असेल ते त्या मुंग्यांनाच ठाऊक.

यालाही मी हसले. हे मला सांगितलंच पाहिजे. हसू तोंडातून बाहेर पडलं आणि मग ते कुणाबद्दलचं आहे ते कळलं. माझ्या बापाच्या अंगावर मुंग्या चढत होत्या, त्यांना उठता येत नव्हतं, कारण उठले तर उद्या बोलावणार नाहीत, आणि मी पोट धरून हसत होते. आई शर्ट घासत होती आणि मी हसत होते. आणि सगळ्यात शेवटी मधूनं एक ओळ लिहिली होती: 'तोंडाला रंग फासून पोट भरणाऱ्याला जे माणसात मोजत नसत, त्यांच्या सबंध अंगाला काकवी फासायचं भाग्य देवानं मला दिलं.' म्हणजे इतकी वर्षं पंगतीला बसून, हसून, ह्यानं ते मनात धरून ठेवलं होतं. आमचं मीठ खाल्लं, आईच्या हातची सोलकढी प्याला, आणि संधी मिळाल्याबरोबर म्हाताऱ्याची चामडी सोलून बाजारात मांडली. नाव नव्हतं दिलं, नुसतं 'गिरणीतले जुने जॉबर' म्हटलं होतं. पण आमच्या वसाहतीत जॉबर किती आणि साकीनाक्याला जाणारे जॉबर किती!

मी तशीच चपला घालून त्याच्याकडे गेले. त्याची बायको शैला दिवाळीचे डबे भरत होती, मला बघून हसली, माझा चेहरा पाहून थांबली. मी पुस्तक त्याच्यासमोर टाकलं. ते पान उघडायचीही गरज पडली नाही. तो म्हणाला, "नाव कुठे घेतलंय मी, सुनी?" मी म्हटलं, लाज नाही वाटली? ज्यांनी तुला जेवायला घातलं त्यांची? आईची? ती बिचारी साकीनाक्याच्या कामासाठी देवापुढे साखर ठेवत मेली. मधूनं पुस्तक उचलून बाजूला ठेवलं. मग अगदी हळू विचारलं, "खरं सांग. वाचताना हसलीस की नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि तेच मला सहन होईना. त्यानं माझ्याच हातून माझ्या बापाची चेष्टा करवून घेतली होती. मी म्हटलं, आजपासून तुझा पाट उचलला. भाऊबीजेला आमचा चंद्र आहे. शैला मध्ये काहीतरी बोलायला गेली, तर मधूनं तिलाच गप्प केलं. मला वाटलं, गुन्हेगाराला बोलायला तोंड असतं कुठे!

पुढची दोन वर्षं वसाहतीनं पुस्तक तोंडपाठ केलं. कोपऱ्यावरच्या चहावाल्यापासून भजनी मंडळातल्या पेटीवाल्यापर्यंत जो तो आबांना विचारायचा, काय आबा, शॉट ओके झाला का? आबा किंचित हसून पुढे जायचे. ते हसू मला बघवायचं नाही. मी दोघातिघांशी कडाकडा भांडले. मंडळाच्या सेक्रेटरीला गॅलरीतून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं सुनावलं. आबांशी या विषयावर मी एक अक्षर बोलले नाही. त्यांच्या जखमेला आपण कशाला बोट लावावं. घरात ते आणि मी, आणि मध्ये ते न बोललेलं. एकदा मात्र मधू बसस्टॉपवर माझ्यामागे येऊन उभा राहिला. वाळला होता, छातीचं दुखणं सुरू झालं होतं असं मागाहून कळलं. म्हणाला, "सुनी, एक सांगू?" मी म्हटलं, "सांगण्यासारखं काही शिल्लक ठेवलंयस?" तो म्हणाला, "नाही. राहू दे." बस आली, मी चढले. तो चढला नाही.

त्यानंतर तो थेट गेलाच.

तो गेल्यावर थोड्याच दिवसांत गणपती आले. मंडळानं ठरवलं, की मधूची आठवण म्हणून यंदा पुन्हा 'विहीर झाकून ठेवा' दाखवायचा. मी जाणार नव्हते. पण आबा संध्याकाळीच दाढी करून, इस्त्रीचं धोतर नेसून तयार झाले, आणि त्यांना एकट्याला त्या लोकांच्यात सोडवेना म्हणून मी गेले. पडद्यामागे बायकांत बसले. विहिरीचं दृश्य आलं. इतक्या वर्षांत मी त्या मुडद्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. सगळ्यांचं लक्ष मधूच्या तांब्याकडे. त्या दिवशी पाहिलं. तोंड पलीकडे होतं, पण खांदा आबांचा. पडद्याच्या पुढून आरडाओरडा झाला, शिट्ट्या झाल्या. मला वाटलं, उठून पडदाच ओढून काढावा. तेवढ्यात सिनेमा थांबला, दिवे लागले, आणि माइकवर सेक्रेटरी सांगायला लागला, की ज्यांनी या सिनेमात मधूबरोबर काम केलं असे आपल्या वसाहतीतले एकमेव कलाकार आज आपल्यात आहेत. मी पडद्याच्या कडेनं डोकावले. आबा उठून उभे राहिले होते. शाल घेतली, नारळ घेतला. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझे आबा, ज्यांच्यासाठी मी दोन वर्षं जगाशी भांडले, हात जोडून चारी बाजूंना नमस्कार करत होते. लाजत होते, पण खूश होते. बापाचं एवढं तरी मुलीला कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शालीची घडी घालत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, ज्यांनी दोन वर्षं हसून घेतलं त्यांच्याच हातची शाल घेतलीत? आबांनी घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. मग उंबऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "थंयसर बसान वाचून दाखवल्यान माका. छापूक देवच्या आधी." मला आधी कळेचना कोणी आणि काय. मधू. ते पान. मी कामावर गेलेली असताना तो कागद घेऊन आला होता, नेहमीसारखा उंबऱ्यावर बसला, आणि त्यानं ते सगळं आबांना वाचून दाखवलं. म्हणाला, आबा, तुम्ही नको म्हणालात तर आत्ता फाडतो. आबा म्हणाले, लिही.

का, असं मी विचारलं. आबांनी जे सांगितलं ते मोडक्यातोडक्या तुकड्यांत सांगितलं, पण ते मी विसरणार नाही. आई होती तोवर तिला कळू द्यायचं नव्हतं. ती गेल्यावर लपवायचं ते कुणापासून? आणि त्यांना त्या कामाची लाज वाटत नव्हतीच. दोघं मिळून त्यावर कितीतरी वेळा हसले होते, मी घरात नसताना. "गिरणीत माझो साचो," म्हणजे माग, "कधी बंद पडलो नाय," ते म्हणाले, "आणि थंयसर मुडदो हललो नाय. मधू म्हणायचो, आबा, तुमच्यासारखो मुडदो आख्ख्या अंधेरीत नाय." हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती. अपमान म्हणून जे मी छातीशी धरून बसले होते तो त्यांचा अभिमान होता.

मी म्हटलं, मग ती शेवटची ओळ? काकवी फासायचं भाग्य? ती तरी त्याच्या मनातली घाण होती ना?

आबा माझ्याकडे बघेनात. "तां वाक्य माझां," ते म्हणाले. "तो घालूक तयार नव्हतो. मियाच सांगितलंय, घाल म्हणान. मी तेका तसां बोललंय होतंय भर माणसांत. फेडूक होयां होतां." बोललेलं फेडायला हवं होतं त्यांना.

एवढं होऊन त्यांनी मधूला एकच अट घातली होती. सुनीला सांगायचं नाही, की मी परवानगी दिली. आईला फसवलं ते चव्हाट्यावर मांडू दिलं म्हणून ती माझ्यावर चिडेल. मधूनं शब्द दिला. आणि मी चपला घालून त्याच्या दारात जाऊन उभी राहिले तेव्हा, मी त्याला नाही नाही ते बोलले तेव्हा, त्यानं तो पाळला. बसस्टॉपवरही पाळला. शैलाला ठाऊक होतं, तिलाही पाळायला लावला. आणि आबा? मी घरी येऊन धुमसत होते, त्याचं नाव काढायचं नाही म्हणून सांगत होते, चंद्राला ओवाळत होते, आणि ते खुर्चीत बसून सगळं बघत होते. मी विचारलं, एकदा, एकदा तरी सांगावंसं नाही वाटलं? "सांगणार होतंय," ते म्हणाले. "तुझो राग बघलंय आणि माका धीर झालो नाय. वाटलां, होतला कमी." दोन वर्षं त्यांनी माझा राग मधूच्या अंगावर सोडून दिला आणि स्वतः कडेला बसून राहिले. मुडद्याचं काम त्यांना जमत होतंच.

हे लिहिताना मी शांत झाले आहे असं कुणी समजू नये. मी मधूवर रागावलेली आहे. अरे, शब्द आबांना दिला होतास, पण ओवाळून तर माझ्याकडून घेत होतास ना? तुला एका वाक्यात मला सांगता आलं असतं, जा, घरी जाऊन बापाला विचार. एवढा बोलका माणूस, जन्मभर बडबड केलीस, आणि जिथे बोलायचं तिथे 'राहू दे' म्हणालास. मी तुला सोडलं तर सोडू दिलंस. तुझ्या लेखी मी एवढीच होते, की तुम्ही दोघांनी मिळून माझ्यापासून गोष्ट लपवायची, मग माझा राग मुकाट्यानं सोसायचा, मग तुझं दुखणं लपवायचं? आणि आबांवर तर मी किती रागावले आहे ते मोजायला माझ्याकडे माप नाही. पण एक जण गेला आणि दुसऱ्याला दोन्ही वेळा गरम जेवण लागतं, डोळ्यांत औषध घालावं लागतं, जिना उतरताना हात द्यावा लागतो. भांडायचं कुणाशी?

पुस्तक मी पुन्हा काढलं आहे. रोज थोडं वाचते. जुहूचे भेळवाले आले की अजूनही हसू येतं, आणि ते यावं असंच त्यानं लिहिलं आहे. त्या पानापाशी आले की मात्र हसणारी मी, चिडणारी मी, आणि ती उंबऱ्यावर बसून कागद वाचणारी त्याची आकृती, जी मी कधी पाहिलीच नाही, सगळं एकत्र होतं... त्या दिवशी मी कामावरून अर्ध्या तासानं लवकर आले असते तर, असं मनात येतं आणि मी पान उलटते.

हा लेख छापायला देण्याआधी काल मी आबांना वाचून दाखवला. मीच उंबऱ्यावर बसले. त्यांच्याबद्दल जे कडू लिहिलं आहे ते आवाज न उतरवता वाचलं, एक शब्द गाळला नाही, तुम्ही भ्यालात हेही वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर मी विचारलं, काही काढू का यातलं? त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग म्हणाले, "ह्यां मधूक वाचून दाखवूक होयां होतां गो."

मी कागद गोळा केले आणि त्यांचं ताट वाढायला उठले.